निरोप घेण्यापुरता हक्क

ती भिंत आता पांढरी आहे. मला हे कळलं ते सात-आठ महिन्यांनी, एका ओळखीच्या गृहस्थांशी भलत्याच कामाबद्दल फोनवर बोलताना. “तुमचं चित्र होतं ना जिन्याजवळ, तिथे आता छान उजेड वाटतो,” ते म्हणाले. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. मी “हो का” म्हटलं, कामाचं बोलणं पुरं केलं, फोन ठेवला आणि हातातला ब्रश धुवायला घेतला, तो कितीतरी वेळ धूतच राहिले.

एका संस्थेच्या इमारतीत केलेलं भित्तिचित्र होतं ते. पाच आठवडे मी परांचीवर होते. ठरलेले पैसे ठरल्या दिवशी मिळाले, सगळे माझ्याशी नीट वागले. त्या बाबतीत माझी काहीच तक्रार नाही. चित्राच्या डाव्या बाजूला, जमिनीपासून हातभर वर, गिलाव्यात ओल होती. तिथे रंग धरेना. दोनदा खरवडलं, पुट्टी भरली, प्रायमर मारला. आठ दिवसांत पोपडा पुन्हा हजर. शेवटी भांडण सोडलं आणि पोपड्याची कड जशी होती तशी धरून तिथे पाण्याला तोंड लावलेलं एक वासरू काढलं. मूळ आराखड्यात ते नव्हतं. रंग उडालेली खरबरीत जागा त्याच्या मानेवरची लव झाली. वीस फुटांच्या त्या चित्रात मनासारखा जमलेला तेवढाच एक तुकडा होता. हे मला ठाऊक होतं. बाकी कोणाला ठाऊक असायचं कारणच नव्हतं.

भिंत त्यांची होती. ती रंगवायचा अधिकारही त्यांचाच. हे मी तेव्हा मानत होते, आजही मानते. चित्र गेल्याचं वाईट वाटलंच, पण खरं बोचलं ते वेगळं: मला कोणी सांगितलं नाही. त्या भिंतीशी माझं काही नातं असेल, हे त्या इमारतीत कोणाच्या मनातही आलं नाही. एका फोनचं काम होतं. कलावंताचा आपल्या कामात अडकलेला जीव ही त्याच्या घरची हळवी गोष्ट आहे, बाहेरच्यांनी तिच्याकडे कशाला बघायचं, असं समजून आपण पुढे जातो. मला हे चुकीचं वाटतं. कायद्यात आणि रीतीभातीत त्या जिव्हाळ्याला जागा हवी. ती मालकीएवढी मोठी नको. निरोप घेण्यापुरती असली तरी पुरे.

“विकलं ना? मग संपलं,” असं म्हणणारे बरेच भेटतात. सुतार टेबल विकतो, मग तो वर्षाने त्या टेबलाची खुशाली विचारायला येतो का? हा सुतारावर अन्याय आहे. चांगले सुतार येतात. मी पाहिले आहेत, दुसऱ्याच कामासाठी घरी आलेले आणि जाता जाता आपण बसवलेल्या दाराची चौकट तळव्याने चाचपून, बिजागरी दोनदा हलवून बघणारे. हाताने केलेल्या कामाला हात ओळखतो. पैसे मिळाल्याने ती ओळख पुसली जात नाही.

या जिव्हाळ्याचं मोजमापही झालं आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या काही प्रयोगांत लोकांना कागदाचे बगळे आणि बेडूक घडवायला दिले होते. नवशिक्यांनी केलेले ते वेडेवाकडे बेडूक इतरांना फारसे मोलाचे वाटले नाहीत, पण करणाऱ्यांनी त्यांना जवळजवळ तज्ज्ञांच्या कामाइतकी किंमत लावली. ज्यांनी काम अर्धवट सोडलं किंवा घडवलेलं पुन्हा मोडलं, त्यांच्यात मात्र हे दिसलं नाही. जीव जडतो तो काम तडीला गेल्यावर. हाच पुरावा उलटा लावून कोणी म्हणेल, पाहा, हा नुसता भ्रम आहे, आपलं ते सोनं. प्रयोगातल्या लोकांपुरतं ते खरंही असेल. पण आयुष्यभर हेच करणाऱ्या माणसाचा जीव असा आंधळा असता, तर त्याने आपलं काम इतक्या निष्ठुरपणे मोडलं नसतं. क्लोद मोनेने १९०८ साली, प्रदर्शन तोंडावर असताना, कमळांच्या तळ्याची निदान पंधरा चित्रं फाडून टाकली. मायकेलअँजेलोने वयाच्या ऐंशीच्या आसपास, वर्षानुवर्षे कोरत आणलेल्या एका शिल्पावर हातोडा घातला. तो येशूच्या कलेवराचा शिल्पसमूह होता आणि स्वतःच्या थडग्यासाठी त्याने तो योजला होता. गर्वाने फुगलेला माणूस असं करत नाही. कलावंत आपल्या कामावर प्रेम करतो ते त्याचं खोटं-खरं सगळ्यांच्या आधी त्याला दिसतं म्हणून. त्याचा जिव्हाळा हे एक प्रकारचं ज्ञान आहे. भिंतीवर ओल कुठे आहे हे त्याला माहीत असतं.

“माझी चित्रं माझी मुलं आहेत” हे वाक्य मला स्वतःला फार आवडत नाही, कारण मुलं आपण विकत नाही. एडवर्ड मुंक मात्र हे अगदी मनापासून म्हणत असे. चित्र विकावं लागलं की त्याला चैन पडत नसे. कित्येकदा तो तेच चित्र स्वतःसाठी पुन्हा काढून ठेवत असे. त्याची बहीण सोफी १८७७ साली पंधराव्या वर्षी क्षयाने गेली. आजारी मुलगी आणि शेजारी मान खाली घालून बसलेली बाई, हे चित्र त्याने पहिल्यांदा १८८५-८६ मध्ये रंगवलं आणि पुढे चाळीस वर्षांत आणखी पाचदा. पहिल्या चित्राचा रंग त्याने इतक्या वेळा खरवडून पुन्हा चढवला की कॅनव्हासवर ओरखडेच ओरखडे आहेत. आणि हाच माणूस आपली चित्रं उघड्यावर, पावसाबर्फात, बागेत टांगून ठेवायचा. मरताना त्याच्याकडे स्वतःची हजाराहून जास्त चित्रं होती; ती सगळी त्याने मृत्युपत्राने ओस्लो शहराला दिली. मुंकच्या वागण्यात मला विसंगती दिसत नाही. जपणं आणि जवळ असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याला चित्रं जवळ हवी होती. त्यांची काळजी वाहणं, ती कोरडी ठेवणं, हा त्याच्या प्रेमाचा भाग नव्हता. म्हणूनच चित्राची निगा कशी राखायची याचा शेवटचा शब्द कलावंताचा असावा, असं मी म्हणत नाही. कधी कधी तोच सगळ्यात वाईट राखणदार असतो.

कायद्याने या बाबतीत काही केलंच नाही असं नाही. साहित्य आणि कलाकृतींच्या हक्कांबद्दलच्या बर्न करारात १९२८ साली एक कलम आलं: आर्थिक हक्क विकले तरी कृतीवर नाव लावण्याचा आणि आपल्या प्रतिष्ठेला बाधा येईल अशी तिची मोडतोड झाली तर हरकत घेण्याचा हक्क कर्त्याकडे राहतो. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं ५७वं कलम त्याच विचाराचं. टोरंटोच्या एका मोठ्या व्यापारी संकुलात मायकल स्नो या शिल्पकाराचे साठ उडते हंस टांगलेले होते. १९८२ च्या नाताळात व्यवस्थापनाने त्यांच्या गळ्यात लाल फिती बांधल्या. स्नो न्यायालयात गेला आणि फिती काढाव्या लागल्या. फितींनी काय बिघडलं असं वाटू शकतं. पण ज्याने उडणाऱ्या मानेची रेषा साठ वेळा घडवली, त्याला त्या रेषेवर बसलेली गाठ दिसणारच.

हे कलम जिथे थांबतं तिथे एक विचित्र फट आहे. मोडतोड केली तर गुन्हा. समूळ नाहीसं केलं तर? दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सेहगल यांचं ब्राँझचं भित्तिशिल्प सुमारे १४० फूट लांब आणि ४० फूट उंच होतं. १९५७ मध्ये काम सांगितलं गेलं, पुरं व्हायला १९६२ उजाडलं. १९७९ मध्ये डागडुजीच्या निमित्ताने ते उतरवून गोदामात टाकलं. शिल्पकाराला कळवलंसुद्धा नाही. २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने सरकारला अवशेष परत करायला आणि पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं, आणि नाश हा मोडतोडीचाच टोकाचा प्रकार आहे असं मानलं. त्याच न्यायालयासमोर पुढे वास्तुविशारद राज रेवाल आले. १९७२ साली उभं राहिलेलं त्यांचं दिल्लीतलं प्रदर्शनगृह ‘हॉल ऑफ नेशन्स’ २०१७ च्या एप्रिलमध्ये पाडलं गेलं होतं. २०१९ मध्ये न्यायालय म्हणालं की इमारत पूर्ण पाडली तर वास्तुविशारदाच्या प्रतिष्ठेला धक्का लागत नाही. जे दिसतच नाही, ते सदोष कसं दिसणार?

इमारतीपुरता हा निकाल मला समजतो. जमीन मालकाची, शहराच्या गरजा बदलतात, आणि एका माणसाच्या कल्पनेसाठी सगळ्यांनी कायम त्याच छताखाली राहावं असं म्हणता येत नाही. पण त्यामागचं तर्कशास्त्र मला टोचतं. त्यात फक्त प्रतिष्ठेचा विचार आहे, म्हणजे लोकांच्या डोळ्यांत कर्त्याचं काय होतं याचा. कर्त्याचं स्वतःचं काय होतं, हा प्रश्न तिथे नाहीच. फीत बांधली तर दाद आहे, चुराडा केला तर नाही. असा नियम मालकाला शिकवतो तो एवढंच: करायचंच असेल तर पुरतं करा.

मला हवं आहे ते उत्तर एका छोट्या देशाच्या कायद्यात सापडलं, आणि वाचताना अक्षरशः हायसं वाटलं. स्वित्झर्लंडच्या १९९२ च्या कॉपीराइट कायद्याचं १५वं कलम म्हणतं की कलाकृतीची एकच मूळ प्रत असेल आणि ती टिकण्यात कर्त्याला रास्त आस्था असेल असं मानायला जागा असेल, तर आधी ती कर्त्याला परत देऊ केल्याशिवाय मालकाने नष्ट करू नये. आणि परत देताना सामानाच्या किमतीपेक्षा जास्त मागू नये. परत देणं शक्य नसेल तर कर्त्याला योग्य तऱ्हेने तिची प्रतिकृती करून घेऊ द्यावी. इमारत असेल तर वास्तुविशारदाला तिची छायाचित्रं काढण्याचा आणि स्वखर्चाने नकाशांच्या प्रती मागण्याचा हक्क आहे. बस्स. पाडणं कोणी थांबवत नाही. फक्त पाडण्याच्या आधी एक पाऊल येतं. कुठल्या लोखंडाचं आणि ब्राँझचं वजन किती, हे मोजणाऱ्या कायद्याने “टिकण्यात रास्त आस्था” असे शब्द लिहिले. कलावंताच्या मनाला कायद्याच्या भाषेत इतकी नेमकी जागा दिलेली मी दुसरीकडे वाचली नाही.

छायाचित्रं काढू देणं ही किरकोळ सवलत वाटेल. मेक्सिकोच्या डिएगो रिव्हेरा या चित्रकाराचं न्यूयॉर्कमधल्या रॉकफेलर सेंटरचं भित्तिचित्र आठवून बघा. १९३३ मध्ये त्यात लेनिनचा चेहरा दिसल्यावर काम थांबवलं गेलं. रिव्हेराला ठरलेले सगळे पैसे मिळाले, चित्र झाकून ठेवलं गेलं आणि १९३४ च्या फेब्रुवारीत रात्री फोडून टाकलं गेलं. “पैसे दिले की संपलं” या विचाराचं याहून स्वच्छ उदाहरण नसेल. त्याची सहायक लुसिएन ब्लॉक हिने कॅमेरा लपवून आत नेला होता आणि भिंतीचे फोटो काढून ठेवले होते. त्याच वर्षी मेक्सिको सिटीत रिव्हेराने ते चित्र पुन्हा रंगवलं, ते त्या फोटोंच्या आधाराने. जे तिला चोरून करावं लागलं, ते स्विस कलमासारख्या नियमाखाली रिव्हेराला हक्काने करता आलं असतं.

अमेरिकेत १९९० पासून दृश्यकलावंतांसाठी कायदा आहे. चित्र इमारतीतून धक्का न लागता काढता येण्यासारखं असेल, तर मालकाने कर्त्याला लेखी कळवायचं. कर्त्याला ते हलवायला नव्वद दिवस मिळतात. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात ‘फाइव्ह पॉइंट्झ’ नावाच्या जुन्या कारखान्याच्या भिंती मालकाच्या परवानगीने वर्षानुवर्षे रंगत आल्या होत्या. तिथे घरं बांधायची ठरली. कलावंतांनी मनाई मागितली, ती मिळाली नाही. पण तिचा लेखी निकाल हाती पडायच्या आत, नोव्हेंबर २०१३ मध्ये, एका रात्रीत सगळ्या भिंतींवर पांढरा रंग फासला गेला. २०१८ साली न्यायालयाने ४५ चित्रांसाठी २१ कलावंतांना ६७.५ लाख डॉलर देवविले. न्यायाधीशांनी एक गोष्ट सांगून ठेवली: मालकाने परवाने मिळेपर्यंत थांबून दहा महिन्यांनी इमारत पाडली असती, तर त्याने जाणूनबुजून कायदा मोडला असं आपण धरलं नसतं. म्हणजे शिक्षा पाडण्याबद्दल नव्हती, त्या रात्रीबद्दल होती. हे वाचल्यावर मला माझा जिना आठवला.

आता विरुद्ध बाजू. ती खोटी नाही. पहिली हरकत अशी की अशी बंधनं घातली तर कोण कशाला भिंत देईल? उद्या प्रत्येक मालक म्हणेल, चित्र नको, टाइल्स लावा. ही भीती मला खरी वाटते, म्हणूनच मी नकाराधिकार मागत नाही. दुसरी हरकत त्या कामासमोर रोज जगणाऱ्यांची. रिचर्ड सेरा या शिल्पकाराची १२० फूट लांब, १२ फूट उंच पोलादी भिंत १९८१ पासून न्यूयॉर्कच्या एका सरकारी चौकात उभी होती आणि तिथल्या कर्मचाऱ्यांना रोज तिला वळसा घालून जावं लागे. १९८५ मध्ये जाहीर सुनावणी झाली, तिच्या बाजूने बोलणारेच जास्त होते, तरी १९८९ मध्ये ती हलवली. सेराचं म्हणणं होतं की ती त्या जागेसाठीच केली आहे, हलवणं म्हणजे नष्ट करणं. त्याच्या मताशी मी सहमत आहे आणि तरीही मला वाटतं की रोज वळसा घालणाऱ्याच्या पायांनाही मत असतं. सेरा हरला. पण त्याला चार लोकांसमोर उभं राहून आपलं म्हणणं मांडता आलं. रिव्हेराला ते मिळालं नव्हतं.

तिसरी हरकत मला सगळ्यात अवघड जाते, कारण ती आमच्याच बाजूची आहे. कलावंताच्या जिव्हाळ्याला जागा दिली तर तो जिव्हाळा उलटेल तेव्हा काय? जॉर्ज रुओ या चित्रकाराची शेकडो अपुरी चित्रं आंब्रोआज व्होलार या विक्रेत्याकडे होती. १९३९ मध्ये व्होलार वारला आणि वारसांनी ती आपली म्हणून दाबून धरली. रुओने दावा लावला आणि १९४७ मध्ये फ्रेंच न्यायालयाने सांगितलं की अपुरं चित्र चित्रकाराचंच. पुढच्या वर्षी त्याने त्यातली ३१५ चित्रं साक्षीदारांसमोर जाळली. त्याला सत्तरी कधीच उलटून गेली होती. ही आता आपल्या हातून पुरी होणार नाहीत, हे त्याला कळलं होतं. जाळली याची हळहळ मलाही वाटते, पण त्याचा हक्क मी मान्य करते. काम हातावेगळं होईपर्यंत शब्द कर्त्याचा. एकदा दिलं की मग उद्या मी कोणाच्या दिवाणखान्यात जाऊन माझं जुनं चित्र मला आवडत नाही म्हणून फाडू शकत नाही, तसंच मालकानेही मला न विचारता... इथे मी थांबते, कारण “विचारणं” हा शब्दच थोडा मोठा आहे. कळवणं पुरे आहे. कळवलं की विचारण्यातलं बरंचसं आपोआप येतं.

विचारण्याने काय होतं, याची एक गोष्ट मला फार प्रिय आहे. १९५३ मध्ये तरुण रॉबर्ट राउशेनबर्गला एक चित्र संपूर्ण खोडून बघायचं होतं. स्वतःची खोडून त्याचं समाधान होईना. तो विलेम डी कूनिंगच्या दारात गेला आणि म्हणाला, तुमचं एक चित्र मला खोडायला द्या. डी कूनिंगला कल्पना आवडली नाही, पण त्याने चित्र दिलं. आणि निवडून असं दिलं की जे गेल्यावर आपल्याला चुकल्याचुकल्यासारखं होईल आणि जे सहजासहजी खोडलं जाणार नाही. राउशेनबर्गला ते पुसायला आठवडेच्या आठवडे लागले. तो जवळजवळ कोरा कागद आज सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात जपून ठेवला आहे. डी कूनिंगने आपलं नकोसं चित्र दिलं नाही, जीव असलेलं दिलं. समोरच्याने येऊन तोंडावर मागितलं म्हणून त्याला ते देता आलं. भिंत पांढरी करणाऱ्याने मला असं काही मागितलं असतं तर मी काय केलं असतं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मी नाही म्हटलं नसतं. एक दिवस मागितला असता. ओल्या फडक्याने तो कोपरा पुसला असता, वासराच्या मानेचे फोटो काढले असते, ती खरबरीत जागा पुन्हा एकदा बोटांनी बघितली असती. बहुधा पहिला रोलर मीच फिरवला असता.

हे सगळं मोठ्या नावांचं म्हणून सोडून देऊ नये. अमेरिकी कायद्यात नाशापासून संरक्षण फक्त “मान्यता पावलेल्या” कृतींना आहे, आणि तिथे मला तो कमी पडतो असं वाटतं. कोणाचं काम मान्यता पावलेलं हे ठरवायला तज्ज्ञ बसवावे लागतात. कोणाचा जीव गुंतला आहे हे ठरवायला सही पुरते. शाळेची भिंत रंगवणारा, दुकानाच्या पाट्या लिहिणारा, देखावे उभारणारा, यांच्यातल्या ज्याने आपल्या कामाखाली नाव घातलं त्याला कळवावं, एवढाच नियम असू शकतो. पत्ता सापडला नाही तर तीस दिवस वाट बघावी आणि पुढे व्हावं. मालकाचं काही जात नाही.

कायदा बदलायला वेळ लागेल. तोवर करारात एक वाक्य घालता येतं, आणि मी ते घालते: काम काढण्यापूर्वी, झाकण्यापूर्वी किंवा रंगवण्यापूर्वी तीस दिवस आधी चित्रकर्तीला कळवण्यात येईल. आजवर दोघांनी कुरकुर केली. एकाने विचारलं, पैसे घेतल्यावर हे कशाला? मी त्यांना त्या वासराची गोष्ट सांगितली. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग त्यांनी सही केली. पण करार फायलीत जातो, फाइल कपाटात जाते, माणसं बदलतात आणि रोलर घेऊन येणाऱ्याला फाइल कोणी दाखवत नाही. म्हणून आता उजव्या खालच्या कोपऱ्यात, सहीच्या खाली, बारीक ब्रशने मी माझा फोन नंबरही लिहिते. रंगाच्या वर वॉर्निश मारते, तो नंबर सगळ्यात शेवटी पुसला जावा म्हणून.